सरासरीचा पाऊस: चंद्रपूर ते भेंडवळ

शनिवार, २६ एप्रिल २०२५. चंद्रपूर, पद्मापूर रस्ता

ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे जाणारे पर्यटक या रस्त्यावर गाडीच्या काचा वर करून घेतात. चंद्रपूर सुटलं की दुर्गापूर, मग ऊर्जानगर, मग पद्मापूरची खुली कोळसा खाण, आणि तिच्यापुढे जंगल. मला वाघ बघायचा नव्हता. विदर्भ आडवा कापत अक्षय तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला, पाऊसपाण्याचं भाकीत सांगणारी घटमांडणी बघायला पोचायचं होतं, आणि वाटेत भेटेल त्याला विचारायचं होतं की तुमच्या वावरात पावसापाण्याचं काय बदललंय. सुरुवात मुद्दाम चंद्रपुरातून केली. पुढे सगळीकडे परिणाम बघायचे होते. त्या परिणामांचं मूळ डोळ्यांनी बघायचं तर इथेच.

चहाच्या टपरीवर बसलो. बाकडं आधी फडक्याने पुसून दिलं, फडकं काळं झालं, ते झटकलं आणि खांद्यावर टाकलं. दिवसातून किती वेळा पुसता विचारलं तर टपरीवाले काका नुसते हसले. समोरून ताडपत्री बांधलेले कोळशाचे ट्रक जात होते. काकांचा मोठा मुलगा खाणीत कंत्राटदाराकडे, धाकटा वीज केंद्रात कंत्राटी. हवेबद्दल, उन्हाबद्दल त्यांची तक्रार भरपूर होती. पण मी कोळसा बंद करण्याची गोष्ट काढली तसे म्हणाले, "बंद झाला त आम्ही खावं काय जी? तुमच्या पुण्या-मुंबईचे एसी बंद करा ना आधी." मी नागपूरचा आहे हे सांगून काही फरक पडला नसता.

इथलं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं. कोळशावर एक युनिट वीज करायची तर ढोबळमानाने पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो आणि एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. टपरीवर बसून मोबाइलवर हिशेब केला: केंद्र पूर्ण भाराने चोवीस तास चाललं तर ७ कोटी युनिट, म्हणजे दिवसाला जवळपास ७० हजार टन वायू. पूर्ण भाराने रोज चालत नाही हे खरं. पण कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा ही कोळशावरची वीज केंद्रंही विदर्भातलीच आहेत.

हा कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा. त्या झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन जमिनीखाली दडपला गेला होता, तो आपण गेल्या दीड-दोनशे वर्षांत उकरून पुन्हा वर सोडला. "हा वायू ज्वालामुखीतून आला नसेल कशावरून?" असं विचारणारे अजूनही भेटतात. ज्वालामुखी वर्षाला जेवढा सोडतात त्याच्या कित्येक पट माणूस सोडतो, हे एक. दुसरं म्हणजे या वायूवर मालाचा शिक्का असतो. जिवंत झाडात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन थोडासा असतो आणि झाड मेलं की तो दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो उरतच नाही. वातावरणातल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत गेलंय, ते तपासूनच भेसळ कुठून झाली हे कळतं.

शास्त्र नवं नाही. युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं होतं की कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते. टिंडल यांनी १८५९ मध्ये मोजमाप केलं, अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडलं. उद्योग सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ मध्ये रोजचं मोजमाप सुरू झालं तेव्हा ३१५, आणि २०२४ ची सरासरी ४२४ च्या आसपास.

काकांच्या एसीच्या टोमण्यात तथ्य होतं, आणि ते पुण्या-मुंबईच्याही पलीकडे जातं. आजवर जेवढा कोळसा-तेल जगाने जाळलं त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, भारताचा तीन-चार टक्क्यांचा. आजही माणशी हिशेब काढला तर भारतीय माणूस वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकी चौदाच्या आसपास. आणि भारतीय माणूस म्हणजे तरी कोण? टपरीवाल्या काकांचं घर आणि माझं घर या सरासरीत एकाच रकान्यात बसतं. सरासरी हा प्रकार या प्रवासात पुढे माझ्या फार डोक्यात गेला, त्याची ही पहिली ठिणगी.

रविवार. आर्णी तालुका

वणी, करंजी, यवतमाळ. एसटीच्या खिडकीचा गज हाताला लागला की चटका बसत होता. दुपारी बसमध्ये कोणी बोलत नाही. वाटेत वावरं रिकामी, पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या काड्यांचे, ढीग धुऱ्यावर (बांधावर) रचलेले, कुठे पेटवलेले. एवढंच.

मावसभावाचं गाव आर्णीपासून आत. पोचेपर्यंत अंधार पडला. जेवण झाल्यावर सगळे गच्चीवर, पण तिथेही अंग टेकवेना, स्लॅब तव्यासारखा तापलेला. मावशी म्हणाली, "पयले दिवसाचं ऊन दिवसा राहे. रात्री बाजीवर पडलं का पहाटे चादर घ्या लागे." जुन्या आठवणी सगळ्यांच्या गोड असतात म्हणून मी सहसा त्यावर भिस्त ठेवत नाही. पण हे बरोबर आहे. दिवसा जमीन तापते आणि रात्री ती उष्णता वर सोडून थंड होते. या सोडण्याच्या वाटेतच कार्बन डायऑक्साइड आणि वाफ आडवे येतात. अंगाला रात्री विसावा मिळाला नाही की दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं. निंदण-वेचणीला जाणाऱ्या बायांना हे कोणी सांगायला नको. त्यात कौलं जाऊन स्लॅब आला, तो आणखी भर घालतो. त्याचं खापर हवामानावर फोडता येणार नाही.

भावाने एक वही आणून दिली. शाळेची दोनशेपानी, वर लेकीचं नाव खोडलेलं. त्याने धुऱ्यावर लाकडी खांबाला प्लास्टिकचं पर्जन्यमापक लावलंय, पन्नास-शंभर रुपयांना मिळतं तसलं, आणि सकाळी आठला जाऊन वाचतो. वहीत तारीख, मिलिमीटर आणि शेरा असे तीन रकाने. २०२३ चं पान मी बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत बसलो. जूनमध्ये नुसते ठिपके, म्हणजे काही नाही. जुलैत आकडे, मग २२ जुलैला आकडाच नाही, शेरा: "भांडं भरून वाहिलं." त्याच्या खाली, वेगळ्या पेनाने: "नाल्याकडची दीड एकर गेली, मातीसकट." पान उलटलं की ऑगस्ट. वरपासून खालपर्यंत शून्य, शून्य, शून्य. मध्ये कुठेतरी "भुरभूर". शून्य लिहायचा कंटाळा आला तसा त्याने वरून खाली एक रेघ ओढली आहे.

त्या जुलैत शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराचा वेढा पडला आणि माणसं काढायला वायुदलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली होती. आणि त्यानंतरचा ऑगस्ट हा १९०१ पासून नोंदी आहेत तेव्हापासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागर तापला की आपला पाऊस बहुधा ढिला पडतो तो प्रकार, त्याचा वाटा धरलाच पाहिजे. सप्टेंबरात उरलेल्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा रोग आला, पांढऱ्या माशीने पसरवला. आणि चार महिन्यांची देशाची बेरीज? सरासरीच्या ९४ टक्के. कागदावर बघितलं तर जरा कमी, पण चालून जाण्यासारखा पाऊस.

"पाणी तेवढंच पडते," भाऊ म्हणाला, "पण पडाले दिवस कमी घेते."

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ मधला अभ्यास नेमकं हेच मोजतो, आणि तो मध्य भारताबद्दलच आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, त्याच काळात मोसमी पावसाचा एकूण जोर मात्र कमी होत गेला. कारण अरबी समुद्रात सापडतं. समुद्र तापलाय, आणि हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवते. वाऱ्याला उधाण आलं की ती सगळी वाफ एकदम आत येऊन कोसळते. मध्ये मात्र खंड लांबतात. भावाला हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमच्या मंडळाचं भांडं हे पकडते का?"

हा प्रश्न त्याचा खरा घाव आहे. महाराष्ट्रात अतिवृष्टी धरायची ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर. मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र एका ठिकाणी उभं, त्याच्या हद्दीत गावं दहा-पंधरा. ढगफुटीसारखा पाऊस हल्ली धुऱ्याच्या या बाजूला पडतो आणि त्या बाजूला वावर कोरडं राहतं, हे कोणीही शेतकरी शपथेवर सांगेल. भावाच्या वावरात भांडं भरून वाहतं आणि दूरचं केंद्र पन्नासच दाखवतं, असं एकदा झालंय. वही घेऊन तो एका कार्यालयात गेला होता. तिथे त्याला ती वही परत देण्यात आली. एवढंच सांगून त्याने विषय बदलला.

सोमवार. वरुड

आर्णी ते वरुड हा दिवसभराचा प्रवास आहे, लिहिण्यासारखं त्यात काही नाही. मोर्शी मागे पडलं की दोन्ही अंगाला संत्र्याच्या बागा सुरू होतात आणि उत्तरेला सातपुड्याची रांग.

मित्राचे सासरे इथले बागाईतदार. मामाजींनी आल्या आल्या बागेत नेलं. झाडाखाली गोट्यांएवढी हिरवी फळं पडलेली, पाय ठेवायला जागा नाही. त्यांनी एक उचलून देठाकडून दाखवलं: देठ फळाला धरून राहिलेला नाही, गोल खाच तेवढी उरलेली. "रोज सकाळी इतका सडा पडते," म्हणाले. आंबिया बहराची ही फळं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीने झाडाला ताण बसतो, मग फुलं येतात, एप्रिल-मेच्या उन्हात ही बाळफळं झाडावर तगून राहिली तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास संत्रं हाती. थंडी धड पडली नाही तर फुलं विस्कळीत येतात. एप्रिल फार तापला तर झाड स्वतःच फळं टाकून देतं. पावसाळ्यात सततच्या ओलीने बुरशी येते, तेव्हा पुन्हा गळ.

मृग बहर याहून नाजूक. त्यासाठी उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडायचं, झाड पानं मलूल होईपर्यंत तहानलेलं ठेवायचं, आणि मृगाचा पाऊस आला की ताण तुटून फुलं फुटतात. सगळा खेळ वेळेचा. मे महिन्यात अवकाळी आला की ताण मधेच मोडतो, फुलांऐवजी नुसती पालवी फुटते. मृगाने दडी मारली की झाड वाळायला लागतं. मामाजींनी आभाळाकडे बघितलं. संध्याकाळी सातपुड्यावर ढग चढले होते. आपल्याकडे एप्रिलमधल्या ढगांकडे बघून कोणाच्या पोटात गोळा येतो, तो संत्र्याच्या बागाईतदाराच्या.

पण मी सगळं पाप हवामान बदलाच्या माथी मारायला तयार नाही, आणि मामाजीही नव्हते. वरुड-मोर्शीत बोअर किती खोल गेले ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. मामाजींच्या बागेतला एक हजार फुटांवर आहे आणि तोही फेब्रुवारीत गुळण्या टाकायला लागतो. पाणी उपसलं आपणच. बांगलादेशने संत्र्यावर आयात शुल्क वाढवत नेलं, त्याचा मार वेगळा. हवामान बदल हा आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी एक पोतं ठेवतो. पाठ का वाकली होती हे विचारायचं राहून जातं.

बागेच्या कडेला सौर पंपाच्या पाट्या चमकत होत्या. एरवी शेतीपंपाला आठ तास वीज, तीही आठवड्याआड रात्रीची. चंद्रपूरचा कोळसा जळतो आणि वरुडचा माणूस रात्री दोनला साप-विंचवात मोटर सुरू करायला जातो. सौर पंपाने ही ददात मिटली, यात शंका नाही. कोळसाही वाचला. पण दिवसभर फुकट वीज आणि हजार फुटांचा बोअर ही जोडी जमिनीखालच्या पाण्याला परवडणारी नाही. मामाजींना तसं म्हणालो. "मंग बाग वाळू देऊ?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. जेवायला बसलो. गव्हाची पोळी आणि वांग्याची भाजी. तिखट मात्र वऱ्हाडाला शोभेल असं.

मंगळवार. दर्यापूर, खारपाणपट्टा

चांदूर बाजार, अचलपूर करत दर्यापूर. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. काळीभोर, खोल, गाळाची जमीन, आणि तिच्याखाली पाणी खारं. एका घरी बोअरचं पाणी चाखून बघितलं. पहिल्या घोटाला नुसतं मचूळ लागतं, गिळल्यावर जिभेच्या मागे खार चढत राहतो. प्यायला नळयोजनेचं पाणी. या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि पिकाला दिलं तर जमीनच बिघडते.

म्हणजे इथे सिंचन नाही. आभाळ देईल ते. खरीप तर सगळीकडेच पावसावर, पण खारपाणपट्ट्याचा रब्बीचा हरभराही जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलाव्यावरच येतो. मी ज्यांच्याकडे उतरलो ते दादा वावरात घेऊन गेले. भेगा बघितल्या. एका भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत गेला, तळ लागला नाही. आत माती भिंतीला गुळगुळीत, चकाकी असलेली. पहिला पाऊस या भेगांमधून खोल उतरतो, मग काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर पडणारं पाणी आत शिरायला वेळ मागतं. हळू पडणारा पाऊस तिला मानवतो. तासाभरात शंभर मिलिमीटर ओतला की तो वरच्यावर वाहून जातो, माती घेऊन. पाऊस दोन्ही वेळा तेवढाच. एकात हरभरा येतो, दुसऱ्यात नाही.

दादांनी दोन वर्षांपासून सोयाबीन रुंद सरी वरंब्यावर घ्यायला सुरुवात केली आहे. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून या भागात अशी यंत्रं, शेततळी, फळबागा बऱ्याच आल्या. सरकारी योजनेबद्दल चांगलं लिहिलं की लोक संशयाने बघतात, पण वरंबा हे चांगलं काम आहे. फक्त पेरणीचं यंत्र गावात एक आणि पेरायचं सगळ्यांना एकाच दिवशी, ही अडचण कागदावर दिसत नाही.

आता शास्त्रातली एक गोष्ट, जी शेतकऱ्याला सांगायला जड जाते: कारणांमध्ये शेतीही आहे. युरिया टाकला की त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू वजनाला वजन धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेहून जास्त पट ताप धरतो. गाईम्हशींच्या रवंथातून आणि भंडारा-गोंदियाच्या भातखाचरांतून मिथेन निघतो. दादांना हे सांगितलं तर ते गोठ्यातल्या एका गाईकडे बघत म्हणाले, "हिच्यानं जग तापलं म्हणता?" हिच्यानं नाही. पण युरिया वाया जातो तो खिशातूनही जातो, आणि पाऊस पडायच्या तोंडावर फेकलेला युरिया अर्धा नाल्यात जातो, हे त्यांना पटलं.

संध्याकाळी मोबाइलवर बातमी आली. मंत्रिमंडळाने एक रुपयातला पीकविमा बंद केला. आता खरिपाला २ टक्के हप्ता शेतकऱ्याचा, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर. ओट्यावर पाच-सात जण जमले. एक रुपयाच्या योजनेत बोगस अर्ज झाले हे सगळ्यांना मान्य होतं, नावंही त्यांनी घेतली, ती मी लिहीत नाही. पण कापणी प्रयोग म्हणजे मंडळातल्या मोजक्या प्लॉटवर पीक कापून काढलेली सरासरी. माझं वावर वाहून गेलं आणि प्रयोगाचा प्लॉट उंचावर असला, की संपलं. वातावरण मोडतंय ते तुकड्या-तुकड्यांनी, नि भरपाईचं माप मंडळाएवढं मोठं. माझ्या मते विदर्भात हवामान बदलाची सगळ्यात महाग बाजू हीच, आणि तिच्यासाठी ध्रुवावरचं बर्फ बघायला जायची गरज नाही. तांत्रिकदृष्ट्या गावागावात पर्जन्यमापक बसवणं अवघड राहिलेलं नाही. ते बसलं की पैसे द्यावे लागतील, अशी शंका ओट्यावर कोणीतरी बोलून दाखवली. मला ती खोडता आली नाही.

रात्री पुन्हा उकाडा. मागच्या वर्षी मे अखेरीस शेजारच्या अकोला जिल्ह्यात उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. दंगलीसाठीचं कलम उन्हासाठी.

बुधवार, अक्षय तृतीया. भेंडवळ

अकोट, तेल्हारा, वरवट बकाल. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला पोचलो तेव्हा चारचाकी गाड्या गावाबाहेरच अडवायला लागले होते. इथली घटमांडणी साडेतीनशे वर्षांची असं सांगतात. वाघ घराण्याकडे ती चालत आली आहे.

सूर्यास्ताच्या सुमारास गावाबाहेरच्या वावरात घट मांडतात. गोल आखून त्याच्या कडेने अठरा धान्यांच्या राशी: गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, भादली, करडी, सरकी, अंबाडी वगैरे. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याचे चार महिने म्हणून, त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, सांडोळी, भजी-वडे. पुरी म्हणजे पृथ्वी. पानविडा म्हणजे राजा. मांडून झालं की माणसं निघून जातात, रात्रभर तिथे कोणी थांबत नाही.

मी चपला हातात घेऊन कडेला उभा होतो. शेजारचे बाबा मोताळ्याकडून आलेले, धोतर-टोपी, हातात लेकाने दिलेला स्मार्टफोन. मी म्हटलं, हवामान खात्यानेही १५ एप्रिलला अंदाज दिलाय, यंदा १०५ टक्के. ते म्हणाले, "कायच्या एकशेपाच?" सांगितलं: १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांत जून ते सप्टेंबर देशभर जो पाऊस पडला त्याची सरासरी ८७ सेंटिमीटर, तिच्या १०५ टक्के, पाच टक्के इकडे-तिकडे. त्यांनी बोटं मोडून विचार केला. "म्हणजे चेरापुंजीचा न् माह्या वावराचा एकच?" मी हो म्हणालो. "हे चार ढेकळं तरी महिन्याचं येगयेगळं सांगते."

अंधश्रद्धा निर्मूलनाची मंडळी या मांडणीवर आक्षेप घेत आली आहेत, आणि त्यांचं चूक नाही. ढेकूळ ओलं होतं ते वरच्या घागरीच्या पाझरानं. त्याला जुलै कळत नाही. धान्य हलतं ते मुंग्यांनी, वाऱ्याने. माझा या भाकितावर विश्वास नाही, आणि एल निनो, हिंदी महासागराचं तापमान मोजून काढलेल्या अंदाजाशी मी त्याची बरोबरी करणार नाही. पण बाबांचा प्रश्न बिनतोड होता. शेतकऱ्याला कोणत्या महिन्यात किती दिवसांचा खंड पडेल ते हवंय. हवामान खातं दर आठवड्याला पुढच्या दोन-चार आठवड्यांचे अंदाज देतं, कृषी विद्यापीठं पाच दिवसांचा जिल्हावार सल्ला काढतात, ते बऱ्यापैकी उपयोगाचे आहेत. बातम्यांत मात्र वाजतो तो १०५ चा आकडा.

गुरुवार, १ मे. भेंडवळ, मग जळगाव जामोद

पहाटे पाचला शेकडो माणसं वावरात. उजाडता उजाडता मांडणीची पाहणी झाली, एकेक धान्य, एकेक महिना मोठ्याने सांगितला. काय भाकीत झालं ते इथे देत नाही, त्या दिवशीच्या सगळ्या पेपरांत आलंय. मी लोकांकडे बघत होतो. बरेच जण मोबाइलवर रेकॉर्ड करत होते, एक जण वहीत लिहीत होता, आणि पीकपाण्याचं संपून देशाचं, राजाचं सुरू झालं तशी निम्मी गर्दी उठून चहाकडे निघाली.

जळगाव जामोदच्या जीपमध्ये बाबा आणि त्यांचा मुलगा शेजारी. मुलाला सहाही एकरांत सोयाबीन घालायचं होतं. बाबांचं म्हणणं, दोन एकर तरी ज्वारी घाल. खंड पडला तर ज्वारी पानं गुंडाळून दम धरते, सोयाबीन फुलात असलं तर संपते, आणि कडबा होतो तो वेगळा. मुलगा म्हणाला, ज्वारीला भाव नाही, आणि रानडुक्कर एका रात्रीत फडशा पाडते. कृषी सहायकाने सांगितलंय, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरायचं नाही, तेवढं पाळू. बाबा म्हणाले, मागच्या साली तेवढा पडला एका दिवशीच, मंग वीस दिवस नाही, ते तुह्या सहायकाले विचारलं का?

मुलाने मला विचारलं, "भाऊ, तुम्ही सांगा, तुम्ही फिरून राह्यले."

मी म्हटलं, शंभर मिलिमीटर एका दिवसात आले तर ते धरू नका; चार-पाच दिवसांत वाटून आलेले धरा, आणि पेरायच्या आधी वीतभर माती उकरून ओल बघा. तूर मधून घालाच. बाबांनी मान डोलावली. मुलगा म्हणाला, "तुरीवर मर येते," आणि मग दोघे पुन्हा डुकरांवर आले, कुंपणाला खर्च किती, झटका मशीन घ्यायचं की शेजाऱ्याबरोबर वाटून. जळगाव जामोद आलं तेव्हा ज्वारी दोन एकरांवरून अर्ध्या एकरावर उतरली होती, तीही घराजवळच्या तुकड्यात.